फोटो बघून काढलं की कॉपी होते, न बघता काढलं की कोल्ह्याचा कुत्रा होतो, मग मनातली प्राण्यांची पात्रं काढायला शिकायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की मुलीसाठी गोष्ट लिहिताय, त्यात कोल्हा पोस्टमन आहे, आणि गूगलवरचा फोटो समोर ठेवून काढला की तो फोटोतलाच कोल्हा राहतो, पोस्टमन होतच नाही, आणि फोटो बाजूला ठेवला की गल्लीतलं कुत्रं तयार होतं. मी चित्रकलेचं कॉलेज केलेलं नाही, शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या तेवढंच, पण गेली सात वर्षं जवळपास रोज प्राण्यांची पात्रं काढतेय आणि ही अडचण मला अगदी आतून माहितीय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सांगा, तुमचा कोल्हा म्हणजे नक्की कोण? कारण गूगलवर फॉक्स टाकलं की बर्फात बसलेला नारिंगी लाल प्राणी येतो, पाय काळे, शेपटीचं टोक पांढरं, तो रेड फॉक्स. आपल्या माळावर जो फॉक्स असतो त्याला मराठीत खोकड म्हणतात, तो लहानखुरा, राखाडी-पिवळट, पाय काटकुळे, कान मोठे आणि झुपकेदार शेपटीचं टोक काळं. आणि आपण ज्याला कोल्हा म्हणतो, रात्री कोल्हेकुई करणारा, तो तर इंग्रजीतला जॅकल, म्हणजे खोकडापेक्षा मोठा, पाय लांब, शेपूट त्यामानाने आखूड. म्हणजे डोक्यात आजीच्या गोष्टीतला कोल्हा, फोटो परदेशातल्या फॉक्सचा आणि हाताला सवय कुत्र्याची, असे तीन प्राणी एका कागदावर आले तर गोंधळ होणारच. मला विचाराल तर पोस्टमनसाठी खोकड घ्या, ते मोठे कान आणि बारीक पाय म्हणजे दिवसभर पायपीट करणाऱ्या माणसाला शोभतील असे आहेत, पण गोष्ट तुमची आहे. काहीही घ्या, फक्त एक ठरवा आणि त्याच प्राण्याचे दहा-पंधरा फोटो गोळा करा, समोरून, बाजूने, मागून, बसलेला, झोपलेला, पळणारा. एकाच फोटोवर काम केलं की तो फोटोच चित्रात येतो, पंधरा असले की त्या सगळ्यांत जे सारखं आहे तेवढंच डोक्यात उरतं, आणि तो खरा प्राणी.

आता मुख्य गोष्ट. फोटो बघत बघत काढायचं नाही. फोटो बघायचा, फोन उपडा ठेवायचा, मग काढायचं. इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर असायचा तो आठवतोय का, तेव्हा तो आपल्याला सगळ्यात नकोसा वाटायचा, पण हे शिकण्यासाठी त्याच्याइतकी चांगली सवय दुसरी नाही. आणि बघताना सगळं बघायचं नाही, फोटोला एकच प्रश्न विचारायचा. आज फक्त कान, कान डोक्याच्या कुठल्या भागातून निघतो, डोळ्याच्या किती वर, आतली बाजू कुठे दिसते. मिनिटभर बघा, झाका, काढा, परत उघडा आणि जिथं चुकलं तिथं लाल पेनने दुरुस्त करा, खोडरबर वापरायचा नाही कारण चूक दिसत राहिली पाहिजे. पाच-सहा वेळा केलं की तो कान तुमचा झाला, मग तो कुठल्याही बाजूने वळवता येतो.

माझं स्वतःचं उदाहरण देते म्हणजे नीट कळेल. मी कोल्हापूरची, आमच्याकडे गंगावेशीत दूधकट्टा आहे, म्हशी आणून समोरच धार काढून देतात, तर मला एका गोष्टीसाठी म्हशी काढायच्या होत्या, शाळेतल्या बाई म्हणून. लहानपणापासून म्हशी बघितलेल्या, त्यामुळे मी फोटो वगैरे काही न बघता सरळ काढायला बसले, आणि किती दिवस माझ्या म्हशी म्हणजे शिंगं लावलेल्या काळ्या गाई दिसत होत्या आणि का ते कळेना. शेवटी सकाळी जाऊन फोटो काढले आणि घरी येऊन एकेक प्रश्न विचारत बसले. मी कान शिंगाच्या वर काढत होते, खरं तर कान शिंगाच्या खाली, मागच्या बाजूला असतो आणि आडवा बाहेर येतो. मी पाठीवर वशिंडासारखा उंचवटा देत होते, म्हशीला वशिंड नसतंच. आणि शिंगं मी सगळ्यांना एकसारखीच देत होते, ही तर सगळ्यात मोठी चूक, कारण म्हशीचा स्वभाव सगळा शिंगांत दिसतो. आमच्या भागातल्या पंढरपुरी म्हशीची शिंगं लांबच्या लांब मागे जातात, पार खांद्याच्याही मागे, मुऱ्हा म्हशीची शिंगं कानाजवळ घट्ट गुंडाळलेली, आणि जाफराबादीचं कपाळच एवढं जड आणि शिंगं अशी खाली लोंबलेली की डोळे अर्धे झाकल्यासारखे वाटतात. हे कागदावर शेजारी शेजारी काढलं आणि मला एकदम दिसलं की पंढरपुरीची शिंगं म्हणजे पाठीवर सोडलेल्या दोन वेण्या आहेत, मुऱ्हाची म्हणजे घट्ट अंबाडा. तिथं माझ्या दोन बाई जन्माला आल्या, नवीन नोकरीला लागलेल्या वेण्यावाल्या बाई आणि अंबाड्यावाल्या मोठ्या बाई, आणि जाफराबादी झाली दुपारच्या तासाला पेंगणारी चित्रकलेची बाई. मी काहीही जास्तीचं चिकटवलं नाही, जे फोटोत होतं त्यालाच दुसरं नाव दिलं. तुम्ही ज्याला कल्पना म्हणताय ती मला तरी अशीच सापडते, नीट बघताना, डोळे मिटून बसल्यावर कधीच नाही.

फोटो शक्यतो स्वतः काढा. एक म्हणजे दुसऱ्याचा फोटो जशाच्या तसा उतरवून पुस्तकात छापला तर कॉपीराइटचा प्रश्न येतो, आणि दुसरं म्हणजे स्वतः उभं राहून काढलेल्या फोटोमागे तुम्हाला वास, आवाज, तो प्राणी मान कशी झटकतो हे सगळं आठवत असतं. पण फोनने काढताना अगदी तोंडाजवळ जाऊ नका, जवळून काढलं की नाक फुगलेलं आणि कान लहान येतात, आणि तेच प्रमाण खरं समजून आपण काढत बसतो, चार-पाच पावलं मागं या आणि झूम करा. काळ्या प्राण्याचा भर दुपारचा फोटो म्हणजे नुसता काळा गोळा, सकाळची तिरकी उन्हं घ्या, पाण्यातून बाहेर आलेली म्हैस मिळाली तर फारच छान, ओल्या अंगावर जी चमक येते ना त्यात पुठ्ठ्याची हाडं, बरगड्या, मानेची घडी सगळं आपोआप दिसतं. खोकडाचे फोटो तुम्हाला स्वतः काढता येणार नाहीत कदाचित, तिथं विकिमीडिया कॉमन्स या मोफत फोटोंच्या साइटवर बघा, प्रत्येक फोटोखाली तो कसा वापरायचा हे लिहिलेलं असतं.

पाय. तुमचा कोल्हा कुत्रा का होतो ते वर सांगितलं, पण दोन पायांवर उभा केल्यावर तो विचित्र का दिसतो ते पायांमुळे. कुत्र्याच्या मागच्या पायाला आपल्याला जो उलटा वाकलेला गुडघा वाटतो तो गुडघा नाहीये, ती टाच आहे. गुडघा त्याच्या वर, पोटाजवळ असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. कुत्रा, मांजर, कोल्हा हे सगळे कायम चवड्यावर चालतात, टाच हवेत. गाय, म्हैस, शेळी तर बोटाच्या टोकावर, खूर म्हणजे नखच. अस्वल मात्र मागचा पाय आपल्यासारखा पूर्ण टेकवतं, म्हणून अस्वल उभं राहिलं की लगेच माणसासारखं वाटतं. त्यामुळे पोस्टमन उभा करताना आधी ठरवा, टाच हवेत ठेवायची की जमिनीवर टेकवायची. हवेत ठेवली तर तो चपळ, जंगलातला वाटेल आणि त्याला बूट घालता येणार नाही, टेकवली तर जास्त माणूस वाटेल आणि चपला घालता येतील. दोन्ही चालतं, पण एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असं करू नका, मुलांना ते लगेच कळतं.

पळण्याच्या चित्रांसाठी एडवर्ड मायब्रिज या जुन्या फोटोग्राफरचे फोटो शोधा. १८७८ साली त्याने अमेरिकेत घोड्याच्या धावण्याचे ओळीने फोटो काढले, तोवर भले भले चित्रकार पळणारा घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे असा ताणलेला काढायचे, आणि फोटोत दिसलं की चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. नंतर १८८७ ला त्याचा ७८१ पानांचा मोठा संच आला, त्यात कुत्रे, मांजरं आहेत आणि जिने चढणारी माणसंसुद्धा आहेत. त्यांचा कॉपीराइट कधीच संपलाय. मी काय करते, माणसाच्या चालण्याचा एक फोटो आणि प्राण्याचा एक असे शेजारी ठेवते, पाठीचा कल आणि हाताचा झोका माणसाकडून घ्यायचा, हाडं आणि डोकं प्राण्याकडून. तुम्ही तर खांद्याला पिशवी लावून स्वतःचाच फोटो काढून घ्या घरच्यांकडून, सायकल ढकलताना, दार वाजवताना, उन्हात घाम पुसताना. पोस्टमन तिथून येणार आहे, कोल्ह्याच्या फोटोतून तो कधीच येणार नाही.

अर्धवट माहितीतूनही जबरदस्त चित्र होतं हे मी नाकारत नाही. १५१५ साली गुजरातच्या सुलतानाने दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला, आणि जर्मनीत बसलेल्या ड्यूरर या चित्रकाराने तो स्वतः न बघता, कुणीतरी पाठवलेल्या रेखाटनावरून आणि वर्णनावरून त्याचं चित्र काढलं, अंगावर चिलखतासारखे पत्रे आणि खांद्यापाशी एक जास्तीचं छोटं शिंग. पुढे कितीतरी वर्षं युरोपातले लोक गेंडा असाच असतो समजत होते. चित्र अप्रतिमच आहे, पण ते पत्रे बघा, गेंड्याच्या कातडीला ज्या घड्या खरंच असतात त्यांच्याच जवळपास ते आहेत, म्हणजे धागा खऱ्या प्राण्याचाच होता. आपल्या जंजिऱ्याच्या दरवाज्यावर वाघासारखा प्राणी पंजात हत्ती धरून आहे, तिथं हत्ती उंदराएवढे केलेत पण हत्ती हत्तीच राहिलेत, सोंड, पाठ सगळं जागच्या जागी. वाढवायचं, लहान करायचं, पण काय वाढवतोय ते माहीत असायला हवं.

भाव दाखवताना भुवया काढायची घाई करू नका, कान वापरा. पुढे वळलेले, मागे पाडलेले, एक इकडे एक तिकडे, खोकडाला तर कान एवढे मोठे आहेत की अर्धा चेहरा तेच बोलतील.

सामान साधंच, २बी पेन्सिल, लाल पेन, स्वस्तातली वही, महागडी वही आणली की हात आखडतो. रोज वीस मिनिटं. पहिला महिना नुसता प्राणीच काढा, कपडे नकोत.

आणि पोस्टमनच्या पिशवीचं सांगायचं राहिलं. एका खांद्यावर अडकवू नका. आपला खांदा आडवा राहतो तो गळ्याजवळच्या हाडामुळे, कुत्रा-कोल्ह्याच्या जातीत ते हाड जवळजवळ नसतंच, खांदे छातीच्या दोन्ही बाजूंना चिकटून खाली उतरलेले असतात, त्यामुळे पिशवी तिथं घसरणारच आणि चित्र बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहणार. पट्टा मानेवरून तिरका छातीवर घ्या आणि पिशवी कमरेला, शेपटीच्या जरा पुढे, म्हणजे पळताना ती शेपटीवर आपटेल आणि तुम्हाला तीपण एक गंमत मिळेल काढायला.