आधीचे तीन स्कॅन असताना रेडिएशनपूर्वी पुन्हा सीटी कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांना घशाचा कॅन्सर आहे, गेल्या महिन्याभरात सीटी, एमआरआय आणि पेट-सीटी असे तिन्ही स्कॅन झाले. आता डॉक्टरांनी रेडिएशनच्या ३३ सिटिंग सांगितल्यात आणि त्याआधी ‘प्लॅनिंग सीटी’साठी बोलावलंय. जुना सीटी का चालत नाही, अंगात आणखी रेडिएशन कशाला घालायचं, स्कॅन झाल्यावर आठवडाभर का थांबवतात, आणि सगळं संपल्यावर आजार गेला की नाही ते लगेच कळेल का?

मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे. प्लॅनिंग सीटी काढणं आणि मग मशीनवर रोजची सिटिंग देणं हेच माझं काम. तेव्हा सरळ सांगतो, हा सीटी टाळू नका आणि पुढेही ढकलू नका. आधीच्या तीन स्कॅननी आजार कुठे आहे, केवढा आहे आणि कुठवर पसरलाय ते सांगितलं. किरण कुठून, कोणत्या कोनातून आणि किती सोडायचे याचा हिशेब मात्र त्यांच्यावर मांडता येत नाही.

पहिली अडचण झोपण्याची. तपासणीच्या सीटीत टेबल पन्हाळीसारखं खोलगट असतं, डोक्याखाली मऊ आधार असतो, हनुवटी जिथे येईल तिथे. ट्रीटमेंटचं टेबल सपाट आणि कडक असतं. मानेत तर हा फरक फारच महागात पडतो. हनुवटी थोडी वर गेली की मणक्यांचा बाक बदलतो, जबडा सरकतो, गळ्यातल्या गाठी मज्जारज्जूच्या तुलनेत वेगळ्या जागी येतात. वडील ३३ वेळा ज्या स्थितीत झोपणार, नेमक्या त्याच स्थितीतलं चित्र हवं.

दुसरं कारण सहसा कोणी समजावून सांगत नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. सीटीच्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यामागे एक आकडा असतो. पाण्याला ०, हवेला उणे १०००, चरबी शून्याच्या थोडी खाली, हाड शेकड्यांत आणि त्याहून वर. या आकड्यांवरून कॉम्प्युटर त्या जागी किरण किती शोषले जातील ते काढतो. त्यासाठी प्रत्येक सीटी मशीनचं वेगळं मोजमाप करून ठेवलेलं असतं, म्हणून दुसरीकडच्या मशीनचे आकडे जसेच्या तसे वापरत नाहीत. एमआरआयमध्ये हा आकडाच नसतो. तिथे शरीरातल्या हायड्रोजनचा सिग्नल दिसतो. त्यातून जिभेचा मूळ भाग, स्नायू, नसा यांच्या कडा फार सुरेख कळतात, पण डोस काढायला थेट उपयोग होत नाही. पेटमध्ये कोणती पेशी साखर जास्त खाते ते कळतं, तिच्या कडा मात्र धूसर असतात.

सीटीचं एक मूळ रेडिएशनच्या याच हिशेबात आहे. १९५६ साली केप टाउनच्या ग्रूट शूर हॉस्पिटलमध्ये ॲलन कॉर्मॅक नावाचे भौतिकशास्त्रज्ञ काही काळ काम करत होते. रुग्णांचे रेडिएशनचे डोस काढताना सगळं शरीर एकसारख्या पदार्थाचं आहे असं धरतात, हे त्यांनी पाहिलं. फुप्फुसात हवा, बाजूला बरगडी, मध्ये स्नायू, आणि हिशेब मात्र सगळ्यांना एकच. बाहेरून वेगवेगळ्या दिशांनी किरण सोडून आतल्या प्रत्येक जागेची शोषणक्षमता मोजता येईल का, यावर ते विचार करू लागले. १९६३ आणि १९६४ मध्ये त्यांनी त्याचं गणित प्रसिद्ध केलं, पण तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही. इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे मशीन बनवलं आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी झाला. १९७९ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. ठिपक्यामागचे जे आकडे मी वर सांगितले, त्यांना आम्ही हाउन्सफील्ड युनिट म्हणतो.

आता त्या दिवशी काय होईल ते सविस्तर सांगतो, कारण वडिलांची अर्धी धास्ती त्याने कमी होईल. घशाच्या रुग्णाचा आधी मास्क बनवतात. प्लॅस्टिकचा बारीक भोकांचा एक पांढरा, ताठ पत्रा असतो. तो साधारण ७० अंश गरम पाण्यात टाकला की काही मिनिटांत लुळा पडतो. मग बाहेर काढून, पुसून, चटका बसणार नाही इतपत गार झाला की चेहऱ्यावर ठेवतात. अंगाला तो गरम ओल्या टॉवेलसारखा लागतो. दोघं जण दोन्ही बाजूंनी तो खाली ओढून टेबलावरच्या पाटीला अडकवतात, आणि आम्ही बोटांनी नाकाचा दांडा, भुवयांमधली जागा आणि हनुवटीचा खळगा दाबून नीट बसवतो. मास्क पक्का बसतो तो याच जागांवर, म्हणून तिथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो. काही मिनिटांत तो घट्ट होतो. भोकांतून श्वास व्यवस्थित घेता येतो. त्यावर लेझरच्या रेषा पाहून खुणा करतात आणि खुणांच्या जागी सीटीत दिसणारे बारीक मणी चिकटवतात. मग दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या कापांचा स्कॅन होतो. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र जास्त स्पष्ट करणारं औषध, द्यायचं असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं कशी चाललीत ते सांगणारा रक्ताचा रिपोर्ट आधी बघतात, तो सोबत न्या.

वडिलांना बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगा, लाजू नका. डोळ्यांपुरता मास्क कापता येतो, चिंता कमी करणारी गोळी देता येते, हातात घंटी देता येते. हात वर केला की आम्ही लगेच आत येतो. दाढी ठेवून मास्क बनवला आणि नंतर दाढी काढली तर मास्क सैल होतो, म्हणून त्या दिवशी गुळगुळीत दाढी करून जायचं. कवळी असेल तर ती घालून स्कॅन की काढून, हे विचारा आणि पुढे रोज तसंच करा.

दातांचं मात्र आजच विचारा. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाची भरून येण्याची ताकद कमी होते. तेव्हा दात काढला तर जखम महिनोन्महिने चिघळू शकते, हाड मरूही शकतं. किडलेले, हलणारे दात आधी काढून जखम भरायला दोनेक आठवडे द्यावे लागतात. दंतवैद्याने अजून तपासलं नसेल तर प्लॅनिंग सीटीच्या आधी तपासून घ्या.

स्कॅननंतरचा आठवडा रिकामा जात नाही. जुने तिन्ही स्कॅन खरे इथे कामाला येतात. प्लॅनिंग सीटीवर एमआरआय आणि पेट जुळवून बसवतात आणि डॉक्टर एकेका कापावर हाताने रेघा काढतात. आधी डोळ्यांना दिसणारी गाठ. तिच्याभोवती न दिसणाऱ्या पेशी जिथे असण्याची शक्यता आहे तो भाग. त्याभोवती रोजच्या थोड्याफार फरकासाठी आणखी ३ ते ५ मिलिमीटरची कड. यात अनुभव लागतो. बायोप्सीच्या जागेची सूज किंवा साधा संसर्गही पेटमध्ये उजळ दिसतो, तेव्हा जे चमकतं ते सगळं कॅन्सर धरून चालत नाही. शिवाय वाचवायच्या अवयवांभोवतीही रेघा असतात: मज्जारज्जू, मेंदूचा देठ, लाळेच्या ग्रंथी, जबडा, गिळायचे स्नायू. गाठीला एकूण ६६ ते ७० ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) पोचवायचे असतात आणि मज्जारज्जू ४५ ते ५० ग्रेच्या आत ठेवायचा असतो. दोन्हींमध्ये कधी जेमतेम बोटभर अंतर असतं. कानाजवळच्या लाळग्रंथीचा सरासरी डोस २६ ग्रेच्या आसपास किंवा खाली राखता आला तर तोंडाचा कायमचा कोरडेपणा बराच टळतो. हे सांभाळत भौतिकशास्त्रज्ञ प्लॅन बनवतात, डॉक्टर तो तपासतात, आणि मग रुग्णाशिवाय मशीनवर किरण सोडून मोजून बघतात की कॉम्प्युटरने सांगितलं तेवढंच प्रत्यक्षात येतंय. यातली कुठलीही पायरी घाईत उरकावी असं मला वाटत नाही. मात्र पंधरा दिवस उलटले तर कारण विचाराच. तेवढ्यात वजन उतरलं तर मास्कही बसत नाही.

आणखी रेडिएशनची भीती मी समजू शकतो. पण आकडे बघा. प्लॅनिंग सीटीतून मानेला मिळणारा डोस एका ग्रेचे काही शतांश इतका असतो. पहिल्याच सिटिंगला त्याच जागी साधारण २ ग्रे द्यायचे आहेत. हा स्कॅन वगळून जे वाचेल ते एका सिटिंगच्या मानाने फार थोडं, आणि त्याशिवाय ते २ ग्रे चुकीच्या जागी जाण्याचा धोका उभा राहतो. रोज सिटिंगच्या आधी मशीनला जोडलेला छोटा सीटी निघाला तरी तेच लक्षात ठेवा. त्याचं करड्या रंगाचं चित्र आम्ही प्लॅनच्या चित्रावर ठेवतो, मानेचे मणके आणि जबडा एकमेकांवर बसतात का ते पाहतो आणि टेबल दोन-तीन मिलिमीटर सरकवून घेतो. एखादा दिवस खांदे वर चढलेले असतात, मग वडिलांना उठवून पुन्हा झोपवतो. त्यात पाच मिनिटं जातात, ती जाऊ द्यावीत.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा एक प्लॅनिंग सीटी करू म्हणाले तर काहीतरी बिघडलं असं समजू नका. गाठ आकसते, वजन घटतं, लाळग्रंथी लहान होऊन आतल्या बाजूला सरकतात, मास्क आणि गाल यांत फट दिसायला लागते. अशा वेळी नवा नकाशा आणि नवा प्लॅन केलेला बरा. वजन टिकवणं मात्र तुमच्या हातात पुष्कळ आहे. गिळताना दुखू लागलं की त्याच दिवशी सांगा. वेदनेचं औषध लगेच मिळू शकतं, गरज पडली तर नाकातून किंवा पोटातून नळी घालतात. नळीला नकार देऊन उपाशी राहिलेले रुग्ण फार लवकर खचतात, हे मी जवळून पाहिलंय.

सुट्ट्याही शक्यतो घेऊ नका. आठवड्याला पाच धरले तर ३३ सिटिंगना साडेसहा आठवडे लागतात. घशाच्या कॅन्सरमध्ये मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी झपाट्याने वाढायला लागतात आणि दिलेल्या डोसचा परिणाम कमी होतो. लग्नकार्य, प्रवास यासाठी सिटिंग बुडवू नये. मशीन बंद पडल्यामुळे दिवस गेला तर तो कसा भरून काढणार ते विचारा.

एक गैरसमज दूर करतो, कारण तो नातवंडांपर्यंत पोचतो. बाहेरून दिलेल्या या रेडिएशनने वडील किरणोत्सारी होत नाहीत. मशीन बंद झालं की किरण संपले. घरी येऊन मुलांना मांडीवर घ्यायला हरकत नाही. पेट-सीटीची गोष्ट वेगळी होती. त्यात फ्लोरिन-१८ लावलेली साखर शिरेतून देतात आणि तिचा किरणोत्सार दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. म्हणून त्या दिवशी काही तास लहान मुलं आणि गरोदर बाईपासून लांब राहायला सांगतात.

राहिला शेवटचा प्रश्न. आजार गेला की नाही हे ट्रीटमेंट संपल्यावर लगेच स्कॅन करून कळत नाही. त्या काळात सुजलेला, भाजलेला भाग पेटमध्ये उजळ दिसतो आणि उगाच घबराट होते. म्हणून पहिला पेट-सीटी साधारण १२ आठवड्यांनी करतात. ब्रिटनमधल्या पेट-नेक या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. मानेत मोठ्या गाठी असलेले ५६४ रुग्ण तिच्यात होते. १२ आठवड्यांनी पेट-सीटी करून गरज दिसली तरच मानेचं ऑपरेशन केलं, तर सरसकट ऑपरेशन केलेल्यांइतकेच रुग्ण जगले आणि सुमारे ८० टक्के लोकांचं ऑपरेशन टळलं. तोवर डॉक्टर दर भेटीला दुर्बिणीने घसा बघतात आणि हाताने मान चाचपतात, ती भेट चुकवू नका. रक्त येऊ लागलं, श्वास अडखळू लागला किंवा मानेत नवी गाठ लागली तर १२ आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी घेऊन जा.