‘जुआंव’ या नावाचे मूळ

प्रश्न : दर वर्षी २४ जूनला आमच्या शेजारच्या वाड्यावर सांजांव हा ख्रिस्ती सण होतो आणि डोक्यावर पानाफुलांचे कोपेल (मुकुट) घालून मुले विहिरीत उड्या घेतात. हा सण ज्यांच्या नावाने साजरा होतो, त्या ‘जुआंव’ नावाचा अर्थ काय? जॉन आणि जुआंव एकच का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : होय, एकच. दोन्हींचे मूळ ‘योहानान’ हे हिब्रू नाव असून त्यातील ‘यो’ हा परमेश्वराच्या नावाचा संक्षेप आहे आणि ‘हानान’ म्हणजे ‘कृपा केली’. ‘देवाची देणगी’ हा अर्थ पुष्कळदा सांगितला जातो, पण तो योनाथान या वेगळ्या नावाचा आहे. आपला ‘देवदत्त’ जुळतो तो त्याच्याशी. उलट गोव्यात घरोघरी आढळणारे ‘आना’ हे ‘हन्ना’चे रूप असल्यामुळे ते मात्र जुआंवच्याच धातूतून आले आहे.

योहानान हे नाव बायबलच्या जुन्या करारातही येते. यिर्मया संदेष्ट्याच्या काळात कारेहाचा मुलगा योहानान हा सैन्याचा एक नायक होता. तरीही नावाचा अर्थ खरा उलगडतो तो लूकच्या शुभवर्तमानात. बाप्तिस्मा देणारा संत योहान, म्हणजेच सांजांवचा जुआंव, याचे आईबाप जखऱ्या आणि अलीशिबा यांना उतारवयात मूल होणार असे देवदूताने सांगितले, जखऱ्याचा विश्वास बसला नाही आणि त्याची वाचा गेली. बाळाच्या सुंतेच्या दिवशी नातेवाईक बापाचेच नाव ठेवायला निघाले, अलीशिबेने योहान म्हटले, तेव्हा तुमच्या कुळात या नावाचे कोणी नाही, अशी हरकत निघाली. जखऱ्याने पाटी मागवून ‘याचे नाव योहान आहे’ असे लिहिले, आणि त्याला बोलता येऊ लागले. मूल नसलेल्या त्या घरात ‘परमेश्वराने कृपा केली’ हे शब्द किती जिवाचे असतील, हे वेगळे सांगायला नको. येशूची आई मरिया अलीशिबेला भेटायला आली त्या वेळी या बाळाने आईच्या उदरात आनंदाने उडी मारली, असेही लूक सांगतो. विहिरीतल्या उडीचा संबंध गोव्यात त्याच्याशीच जोडतात.

नावाचा प्रवास योहानान, ग्रीक योआन्नेस, लॅटिन योहान्नेस आणि पोर्तुगीज जुआंव असा झाला. ‘सां’ म्हणजे संत, म्हणून सांजांव. शेवटचा ‘आंव’ हा पोर्तुगीज अनुनासिक उच्चार असून तो सिमांव आणि बस्त्यांव या नावांतही ऐकू येतो, परंतु त्यांपैकी सिमांव हे हिब्रू शिमोनचे रूप आहे, तर बस्त्यांव मूळचे ग्रीक.