‘आसक्ती’तला ‘आ’

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

मर्ढेकरांच्या ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ या कवितेवरचं तुझं रसग्रहण वाचलं. अलंकार एका परिच्छेदात, आशय दुसऱ्यात, आणि दोघांची ओळखदेख नाही. ‘उंदीर म्हणजे महानगरातला माणूस’ हे खरंच आहे गं, पण तेवढं म्हणायला मर्ढेकर वाचावे लागत नाहीत, गाईड पुरतं.

पहिली ओळच घे. ‘ओल्या’ कुणाचं विशेषण? उंदरांचं असतं तर ‘ओले’ झालं असतं. ते पिपाचं आहे, पण पिपापासून तोडून उंदरांशेजारी बसवलंय. (कॉलेजात असताना मी छपाईची चूक समजून पेन्सिलीने ‘ओले’ करून ठेवलं होतं. हसू नकोस.) व्याकरणाने ओल पिपाची, कानाला मात्र उंदीर भिजलेले. पीप कुठे संपलं नि उंदीर कुठे सुरू झाले, कळेनासं होतं.

मग ‘माना पडल्या’ दोनदा येतं. आधी ‘मुरगळल्याविण’, नंतर ‘आसक्तीविण’; मधे ओठांवर ओठ मिळालेत. मरणाला आणि प्रणयाला एकच क्रियापद पुरलं. आता त्या ‘आसक्ती’वर बोट ठेवून खाली उतर: ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे.’ ‘आ’ गळला, सक्ती उरली! ओढ गेल्यावर जगण्याचं काय होतं, ते त्या एका गळलेल्या अक्षरात आहे. आणि तो ‘पण’ म्हणजे ‘सुद्धा’ की ‘परंतु’? दोन्हीं तऱ्हांनी मोठ्याने वाच. वाचताना चालही ऐक. १६ मात्रा, बडबडगीताला शोभेल असा ठेका, आणि आत मढी.

कवितेतलं ‘बेकलायटी’ तू चक्क वगळलंस. बेकलाइट म्हणजे जुन्या काळ्या-तपकिरी स्विचांचं, रेडिओच्या खोक्यांचं प्लास्टिक. मर्ढेकर रेडिओतच नोकरीला होते, रोज हात लागत असणार. ‘मधाळ पोळें’ म्हणून जिभेला गोडी लावायची आणि लगेच हा शब्द. १९४७ साली ही कविता असलेला ‘काही कविता’ हा संग्रह आला, तेव्हा चंद्र-चांदण्यांना सरावलेल्या वाचकाच्या दातांखाली तो खड्यासारखा आला असेल. ओठांवरचा मधसुद्धा साच्यातून काढलेला.

शेवटच्या ओळीत ‘मेले’च्या जागी ‘न्हाले! न्हाले!’ आहे. त्यावर एक पान लिहून आण, ‘उपरोध’ हा शब्द न वापरता.

तुझे
सर