यामाहा आरएक्स १०० मोटोक्रॉससाठी तयार करतोय. पोर्टिंगने पॉवर किती वाढेल?

फोंड्याच्या मित्रा, तू प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलंयस, 'मागच्या महिन्यात एकदा सीझ झाली होती, मेस्त (मेकॅनिक) म्हणाला ऑइल कमी पडलं, रीबोअर केलं, आता ठीक आहे.' सीझ म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्येच अडकणं. ती ओळ वाचली आणि लिहायला बसलो. ठीक नाहीये. पोर्टिंगचं, म्हणजे सिलिंडरची भोकं (पोर्ट) घासून मोठी करण्याचं, मग बघू.

आमची आरएक्स बाबांची, १९९२ची. वीस वर्षं ते तिच्यावरून साखळीहून खाणीवर कामाला गेले. २०१२ला खाणी बंद पडल्या, बाबा घरी बसले आणि गाडी आम्हा दोघा भावांच्या हातात आली. दादाने मडगार्डं उतरवली, नॉबी टायर घातले, कुणाच्या तरी मापावरून चेंबर सायलेन्सर (मधे फुगीर असलेला रेसचा सायलेन्सर) बनवून आणला. दिवाळीनंतर डिचोलीच्या बाजूला सड्यावर रेस होती, चालवणार मी.

पेट्रोलमध्ये ऑइल मी मिसळलं होतं. लिटरला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल), म्हणजे २५ला १. दोनदा मोजून. तिसऱ्या लॅपला चढावावर, सेकंड गिअर, थ्रॉटल पूर्ण पिळलेला, आणि आवाज एकदम पातळ झाला. इंजिन हलकं झाल्यासारखं वाटतं तेव्हा. पुढच्या क्षणी मागचं चाक जाम. मी तांबड्या मातीत कोपरावर घासत गेलो. दादा धावत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ऑइल वाचवलंस!"

बोअर, म्हणजे सिलिंडर, उघडला तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे. प्लगचं पोर्सेलीन पांढरंफटक, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक दाणे. ही लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, चालल्याची खूण आहे. पण दादाला ऑइलच दिसत होतं. रीबोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून मोठा करून, अर्ध्या मिलिमीटरने मोठा पिस्टन घातला आणि या वेळी मिश्रण त्याने स्वतः केलं, लिटरला ६० मिली. तिसऱ्या दिवशी सरावात परत सीझ, त्याच्याच हाताखाली.

कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तेवढाच ठेवून ऑइल वाढवलं, तर त्या जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं. मिश्रण उलट आणखी लीन होतं. एवढी साधी गोष्ट आहे, पण अर्ध्या गॅरेजांत सीझ गाडीला 'ऑइल वाढव' हाच सल्ला मिळतो.

मग मी प्रेशर टेस्ट केली. एक्झॉस्ट आणि इनटेक सायकलच्या ट्यूबचं रबर आणि पट्ट्या लावून बंद केले. लेथवाल्याकडून जुना प्लग पोकळ करून घेतला, त्याला नळी लावून आईचं जुनं बीपीचं यंत्र जोडलं. फुगा दाबत काटा ३००वर नेला, म्हणजे साधारण ६ पीएसआय. चांगल्या इंजिनात मिनिटाला ५०च्या आत उतरायला हवा. आमचा वीस सेकंदांत १००वर आला. मॅग्नेट काढून ऑइल सीलवर साबणाचं पाणी सोडलं, तर क्रँकच्या दांड्याभोवती बुडबुड्यांची माळच लागली. सील बाहेर काढलं, त्याचं ओठ नखासारखं कडक झालं होतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचं दालन, हाच पंप. पिस्टन वर गेला की आत ओढ निर्माण होते आणि खराब सीलमधून कार्ब्युरेटरला वळसा घालून हवा घुसते. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल ओढून धूर तरी निघतो, मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर काहीच दिसत नाही. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच उतरत नाही, एवढीच खूण. ती रेसच्या आधी आठवडाभर जाणवत होती आणि मी दादाला सांगितलंही होतं.

दादाने ते बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. तरी दर चवथीला चार पाहुणे जमले की 'ह्याने ऑइल वाचवलं' सुरू होतं. मी ऑइल वाचवलं नव्हतं. दोन्ही सीलं आणि बेअरिंगं बदलली, जेट एक नंबर वाढवला, आणि लिटरला त्याच ४० मिलीवर ती गाडी दोन सीझन पळाली.

आता तुझं पोर्टिंग. कंपनीची गाडी ११ हॉर्सपॉवरची. डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) न चढवता 'इतके वाढतील' असा आकडा देणारा थापा मारतो. ५० मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट १ मिलिमीटर वर नेला की तो उघडा राहण्याचा काळ क्रँकच्या फिरण्यात साडेचार-पाच अंशांनी वाढतो. पॉवर वरच्या आरपीएमला सरकते, खालची मरते. पावसाळी चिखलात वळणातून बाहेर पडताना तुला खालचीच लागणार. डिग्री व्हील (क्रँकचे अंश मोजायची चकती) न लावता फाईल घेणाऱ्या मेस्ताकडून बोअर उचलून घरी ये. पोर्ट आणि चेंबर एकमेकांच्या मापाने बसतात. पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या इंजिनिअर वॉल्टर काडेनने १९५०च्या दशकात हेच केलं, परतणाऱ्या दाबाच्या लाटेने बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकललं. दुसऱ्याच्या मापाचा चेंबर ती लाट चुकीच्या वेळी आणतो.

पैसे आधी मागच्या शॉकअपवर आणि तीन-चार दातांनी मोठ्या मागच्या स्प्रॉकेटवर घाल. जेटिंग त्यानंतर. पोर्ट अगदी शेवटी.

हो, टेस्ट करताना ३००च्या वर जाऊ नकोस, चांगलं सीलही बाहेर येऊ शकतं. आणि चेंबर लावलेली गाडी रस्त्यावर नेऊ नकोस, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली असे बदल चालत नाहीत. ट्रॅकवर टेम्पोत घालून ने.

बीपीचं यंत्र मिळव आणि काटा किती सेकंदांत उतरला ते इथेच लिही.