वाचक विचारतात : जड लेन्स घेऊ की हलकी?

प्रश्न : नमस्कार. मी गोव्यातल्या फोंड्याची, शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका. निकॉनचा डी५६०० आहे आणि त्याच्यासोबतची ७०-३०० लेन्स. चोडणला, करमळीच्या तळ्यावर आणि मुलगा नेईल तेव्हा मोलेंच्या जंगलात पक्ष्यांचे फोटो काढते. पक्षी लहान येतो, कापून मोठा केला की दाणेदार दिसतो. मुलगा म्हणतो २००-५०० घे, दुकानदार म्हणतो आधी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी घ्या. उजवा खांदा दुखरा आहे, जड उचलवत नाही. काय करू?

उत्तर : बाई, आधी खांद्याचंच बघू, कारण तो बदलून मिळत नाही. २००-५०० लेन्स चांगलीच आहे, पाचशेलाही एफ/५.६ देते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), पण ट्रायपॉड कॉलरसकट, म्हणजे ट्रायपॉडला लावायच्या कड्यासकट, २३०० ग्रॅम, वर तुमची बॉडी साधारण ४६५ ग्रॅम, म्हणजे पावणेतीन किलो झाले. चोडणच्या खाडीत होडीत बसून हे डोळ्याला लावून धरायचं, होडी हलतेय, खंड्या खारफुटीच्या फांदीवर बसलाय आणि कधी सूर मारेल सांगता येत नाही, अशा वेळी दोन मिनिटांत हात खाली येतो आणि खंड्या नेमका तेव्हाच उडतो. होडीत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, मोनोपॉडही बेताचाच.

आता हे वजन येतं कुठून? लेन्सची फोकल लेंग्थ (तिच्या नावातले मिमी) भागिले एफ नंबर केलं की पुढची काच किमान केवढी लागते ते कळतं. ६०० मिमी एफ/४ म्हणजे १५० मिमी, जवळजवळ जेवणाच्या लहान ताटलीएवढी काच, म्हणून त्या लेन्सा तीन किलोच्या घरात जातात. तेच ६०० एफ/६.३ केलं की ९५ मिमीत भागतं. निकॉनची झेड माउंटची (त्यांच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची) ६०० एफ/६.३ पीएफ म्हणूनच कॉलर धरून दीड किलोच्या आत आहे. पीएफ म्हणजे आत एक खास फ्रेनेल काच असते, तिच्यामुळे लेन्स आखूड आणि हलकी होते. पण ती झेडवाली तुमच्या बॉडीवर बसणार नाही आणि किंमतही पेन्शनला झेपणारी नाही, तेव्हा सोडून द्या.

तुमच्यासाठी माझं मत : निकॉनची ३०० एफ/४ई पीएफ, जुनी, सेकंड हँड. वजन फक्त ७५५ ग्रॅम. सोबत १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायचा, पल्ला १.४ पट करणारा जोड), टीसी-१४ई तिसरी आवृत्ती, १९० ग्रॅम. कन्व्हर्टर लावला की ४२० मिमी एफ/५.६ होते, आणि तुमच्या बॉडीचा सेन्सर लहान असल्यामुळे चौकटीत ती ६३० मिमीसारखी दिसते. सगळं मिळून साधारण १४०० ग्रॅम, म्हणजे मुलाने सांगितलेल्या जोडीच्या निम्मं! झूम नाही याची सुरुवातीला चिडचिड होईल, घार अगदी डोक्यावर आली तर पंख कापले जातील, ते मान्य करूनच घ्या. आणि सूर्य समोर असेल तर या पीएफ लेन्सीत कधीकधी प्रकाशाभोवती रंगीत कडं येतं, तेव्हा पाण्यावर सकाळी ऊन पाठीवर घेऊन उभं राहायचं.

मोलेंला मात्र कन्व्हर्टर काढून ठेवा. तिथे पक्षी लांब नसतो, उजेड नसतो. कर्णा (मलबार ट्रोगन पक्षी) झाडाच्या सावलीत बसला की एफ/४ ला ३२०० आयएसओ (हा आकडा चढला की फोटो दाणेदार होतो) लागतो तिथे एफ/६.३ वाल्याला तेवढ्याच शटरला ८००० वर जावं लागतं. खाजनात (खाडीकाठच्या सखल शेतांत) आणि तळ्यावर उलट, उजेड भरपूर आणि पक्षी लांब, तिथे एफ/५.६ ने काही बिघडत नाही. म्हणजे लेन्स कुठची घ्यायची हे दुकानात नाही, तुम्ही जास्त कुठे जाता त्यावर ठरतं, आणि तुमची तर दोन टोकं आहेत म्हणून मी हे काढता-घालता येणारं सुचवलं.

फुल फ्रेमचं म्हणाल तर आता नको. लांबचा पक्षी त्याच लेन्सीतून सेन्सरवर तेवढाच पडतो. २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम फाइल तुमच्या आत्ताच्या चौकटीएवढी कापली तर साडेदहा-अकरा मेगापिक्सेल उरतात. चौकट पक्ष्याने भरता आली तर मोठ्या सेन्सरचा फायदा नक्की आहे, अंधारात तर सव्वा स्टॉपच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), पण ती भरायला पुन्हा लांब आणि जड लेन्स लागते, दुकानदार हे सांगेलच असं नाही.

एक राहिलं. करमळीला ऊन चढल्यावर काढलेले लांबचे फोटो मऊ येत असतील तर दोष लेन्सीचा नाही. तळ्यावरची तापलेली हवा थरथरते, तिच्यातून लाखाची लेन्सही तसंच दाखवते. लवकर जा, नाहीतर जवळ येणाऱ्या पक्ष्याची वाट बघा.

प्रश्न : सत्तरी तालुक्यातून कॉलेजला जातो. बजेट कमी आहे. निकॉन पी९५० सारखा सुपरझूम (लेन्स न बदलता येणारा, लांब झूमचा कॅमेरा) घेतला तर चालेल काय? मित्र हसतात.

उत्तर : हसू देत रे. एक किलोच्या त्या कॅमेऱ्यात २००० मिमीसारखा झूम आहे, कुळागरात माडाच्या शेंड्यावर बसलेला धनेश ओळखायला, नोंद ठेवायला आणि मोबाइलवर दाखवायला मस्त. फक्त सेन्सर नखाएवढा आहे, डीएक्स सेन्सरचं (वरच्या बाईंच्या डी५६०० मधला असतो तसा) क्षेत्रफळ त्याच्या साधारण १३ पट, त्यामुळे पावसाळ्यातल्या जंगलात किंवा संध्याकाळी फोटो चिखल होणार, आणि उडता पक्षी धरणं कठीण. उन्हातल्या पक्ष्यांसाठी घेणार असशील तर घे. मोठ्या प्रिंट काढायच्या असतील तर थोडं थांबून जुनी डीएक्स बॉडी आणि ७०-३०० बघ. आणि हो, फ्रॉगमाउथ (रात्री फिरणारा पक्षी) सापडला तर जागा ग्रुपवर टाकू नकोस आणि फ्लॅश मारू नकोस, तो दिवसा झोपतो.

प्रश्न : पावसात लेन्सीत बुरशी आली. परत येऊ नये म्हणून काय करावं? (काणकोण)

उत्तर : बॅगेत ठेवणं बंद करा, आपल्याकडे जून ते सप्टेंबर बॅग म्हणजे बुरशीला घर. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि दमटपणा मोजायचं लहान मीटर, आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की गरम करून वाळवायचं. एसी गाडीतून बाहेर काढताना बॅग थोडा वेळ बंदच ठेवा नाहीतर काचेवर दव धरतं. आधीच आलेली बुरशी मात्र घरी लेन्स खोलून पुसायला जाऊ नका, सर्व्हिसला द्या, आणि तोवर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.