"बीजं वाढायला यातली कुठली चांगली, मॅडम?"

गेल्या पावसाळ्यात एक बाई भिजतच आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधी पर्समधल्या बाटल्या माझ्या टेबलावर मांडल्या. विटॅमिन ई, को-क्यू-टेन, केसांसाठीची बायोटिन आणि विटॅमिन डीच्या ६० हजार युनिटच्या कॅप्सूल. वय ३६, नोकरी अंबडच्या कंपनीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) एएमएचचा, म्हणजे अंडाशयात किती बीजं उरलीत याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट कमी आला होता. "यातली कुठली चालू ठेवू? बीजं वाढायला कुठली चांगली?"

हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. बीजं वाढत नाहीत. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात साधारण १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात पाळीच्या चक्रात बाहेर पडतात जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची आपसूक विरतात, अगदी गरोदरपणातही. शिवाय उरलेलं बीज आपल्याच वयाचं असतं. वय वाढेल तशा त्याच्या गुणसूत्रांच्या वाटणीत चुका वाढतात. को-क्यू-टेनवर छोटे अभ्यास झालेत, बहुतेक टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातल्या बायकांवर. अंडाशयाचं वय मागे गेल्याचं त्यातून सिद्ध झालेलं नाही.

मला खरी काळजी वाटली ती डीची. आठवड्याला एक घ्यायची कॅप्सूल बाई दिवसाआड घेत होत्या, "ऊन कुठे मिळतं मला?" म्हणून. अति डीनं रक्तात कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडाला त्रास होतो. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. बायोटिनचंही सांगितलं, कारण मोठ्या डोसमुळे रक्ताच्या काही हार्मोन तपासण्या चुकू शकतात. आणि गंमत बघा, मूल हवं असलेल्या बाईनं आधीपासून घ्यायचं ते ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, बाळाच्या मेंदू-मणक्यासाठीचं, सगळ्यांत स्वस्त, तेवढंच त्या ढिगात नव्हतं.

एएमएच कमी म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असं नाही. त्यावरून उरलेल्या साठ्याचा अंदाज येतो, बीजाच्या दर्जाचा नाही. मी विचारलं, "प्रयत्न किती महिने करताय?"

त्या गप्प. मग म्हणाल्या, "अजून केलेच नाहीत. हे म्हणतात, फ्लॅटचे हप्ते जरा हलके होऊ देत, दोन वर्षं थांबू. मला वाटलं, तोवर गोळ्यांनी धरून ठेवता येईल."

तेव्हा बाटल्यांचा हिशेब लागला. घरात हा विषय काढायला नको म्हणून त्या महिन्याला दोन-अडीच हजार मेडिकलवाल्याला देत होत्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी दोघं या. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणीला जायचं असतं. तुमचे सहा महिने तर सुरूच झाले नाहीत.

दोघं आले. नवरा हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. "मॅडम, दोन वर्षं थांबलो तर काय होईल?"

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "त्यांना नको विचारू. मला विचार."

मी चहा सांगायला बाहेर गेले.