झाड कुठे उभं होतं ते आधी सांग

अगं,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला आणि चहा तसाच गार झाला. "ताई, सगळा डेटा वाया गेला, रोबर आणि पेट्रेआ वेगळे होतच नाहीयेत, गाइड म्हणतात कंटॅमिनेशन असणार." सोबत त्या ट्रीचा, म्हणजे झाडांच्या क्लोरोप्लास्ट डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षाचा फोटो. ओकच्या दोन स्पिशीज, रोबर लाल, पेट्रेआ निळे, रंग अगदी मन लावून भरलेस. पण एकाही सॅम्पलपुढे दरीचं नाव नाही, उंची नाही, काही नाही.

झाड कुठे उभं होतं?

जूनमध्ये तू पिरेनीजला निघालीस तेव्हाही हेच विचारलं होतं, तेव्हा "हो हो ताई, सगळं लिहितेय" म्हणालीस. असो.

ओकमध्ये क्लोरोप्लास्ट, म्हणजे पेशीतला स्वतःचा डीएनए असलेला हिरवा कण, आईकडूनच येतो, एकॉर्नमधून, म्हणजे ओकच्या फळातून, हे तुला माहीत आहे, परीक्षेत लिहून मार्कही घेतलेस, पण मनावर घेतलेलं दिसत नाही. परागकण वाऱ्यावर कुठच्या कुठे जातात. एकॉर्न मात्र जड, आईच्या पायाशीच पडतो, नाहीतर 'जे' नावाचा पक्षी तो उचलतो, कुठेतरी पुरतो आणि विसरतो. म्हणजे क्लोरोप्लास्टचा मुक्काम हलतो तो एकॉर्न हलला तरच. आपल्याकडची 'कर' लावलेली आडनावं घे. सातारकर म्हटलं की गाव कळतं, जात कळेलच असं नाही, वेगवेगळ्या समाजातली माणसं सातारकर असू शकतात. क्लोरोप्लास्ट हे तसलं आडनाव, फक्त आईकडून चालत आलेलं. तू आडनावावरून जात ओळखायला बसलीस आणि जमलं नाही तर म्हणतेस यादीच चुकली!

आता तुझा ट्री परत बघ. लाल-निळे रंग पूस आणि दरीप्रमाणे रंग भर. मी पैज लावते, एका दरीतले रोबर आणि पेट्रेआ शेजारी शेजारी बसतील. हे काही मी शोधून काढलेलं नाही. २००२ साली रेमी पेती आणि युरोपभरच्या लॅबनी मिळून २६०० हून जास्त ठिकाणचे पांढरे ओक (रोबर-पेट्रेआ ज्या गटात येतात तो) तपासले, त्यात क्लोरोप्लास्टचे ४५ प्रकार निघाले, त्यांचे ६ वंश, आणि नकाशावर टाकले तर ढोबळमानाने उभे पट्टे पडले. पश्चिमेला स्पेनकडून वर चढलेले, मध्ये इटलीचे, पूर्वेला बाल्कनचे. साधारण २०,००० वर्षांपूर्वी बर्फ ऐन जोरात होता तेव्हा ओक या तीन दक्षिणेकडच्या भागांत तग धरून होते, बर्फ हटला तसे उत्तरेला सरकले. ब्रिटनमधले ओक प्रामुख्याने स्पेनच्या बाजूचे. आणि या नकाशात स्पिशीज कोणती याने फारसा फरक पडतच नाही, एका जागेचे रोबर आणि पेट्रेआ बहुतेक वेळा एकच हॅप्लोटाइप, म्हणजे क्लोरोप्लास्टचा एकच प्रकार, घेऊन उभे असतात.

कारण दोघांचा संकर होतो. रोबर आधी पोचतो, मोकळ्या जागेत रुजतो, मागून पेट्रेआचे नुसते परागकण येतात, पिढ्यानपिढ्या येत राहतात, आणि शेवटी झाड दिसतं पेट्रेआ पण क्लोरोप्लास्ट त्या पहिल्या रोबर आजीचा. मला अजूनही हे वाचलं की अंगावर काटा येतो. एक अख्खी स्पिशीज एकॉर्न न हलवता डोंगर चढू शकते!

तू विचारलंस की झाडांचे हे गट कशामुळे पडले, पेपरात जिऑग्राफी म्हणू की वंश. अगं, हा प्रश्न मला कळतच नाही. कॉर्क ओक बघ. दक्षिण फ्रान्स, कॉर्सिका, सार्डिनिया, अल्जेरिया, ट्युनिशिया, मध्ये समुद्र, तरी क्लोरोप्लास्ट एका वंशाचा. २००७ मध्ये त्याचा अर्थ असा लावला गेला की हे जमिनीचे तुकडे कोट्यवधी वर्षांपूर्वी एकत्र होते, जमीन सरकली आणि झाडं तिच्यावर बसून गेली. यात जिऑग्राफी कुठे संपते आणि वंश कुठे सुरू होतो ते मला दाखव.

माझं सांगते. नव्वदच्या दशकात मी तुझ्याएवढी होते, तेव्हा डीएनएचा सीक्वेन्स नाही, जेलवर डीएनएचे पट्टे बघायचो. एका ठिकाणच्या सॅम्पलमध्ये एक झाड वेगळंच आलं, पूर्वेकडचा हॅप्लोटाइप, आजूबाजूला सगळे पश्चिमेकडचे. तेव्हाचे माझे वरिष्ठ म्हणाले लॅबची चूक, टाकून दे. मी टाकलं. नंतर वही उघडली तर त्या झाडापुढे माझ्याच अक्षरात "रस्त्याकडेला". बास. कुठला रस्ता? कुठल्या बाजूला? ते झाड कोणीतरी लावलेलं असू शकतं, जर्मनीत वेस्टफेलियाला क्रोएशियाच्या स्लाव्होनियातले ओक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून लावलेत आणि आज क्लोरोप्लास्टवरूनच ते ओळखता येतात. की खरंच एखादा एकॉर्न लांब उडी मारून आला होता? माझ्या झाडाचं उत्तर मला कधीच मिळणार नाही, कारण मी जागा लिहिली नाही.

त्यानंतर मी हट्टी झाले. आठ महिने घालवून सगळी झाडं परत गोळा केली, प्रत्येकाची जागा, उतार, लावलेलं की आपणहून आलेलं, शेजारी कोण. बाकीच्यांचे पेपर आले, माझा आला नाही, पुढची फेलोशिपही गेली. लोक म्हणाले हिला वेड लागलंय. म्हणू देत. तो डेटा आजही कोणी मागितला तर मी मान वर करून देईन. हे मी स्वतःची बाजू मांडतेय हे मला कळतंय, तरीही मी बरोबर होते.

आपल्या सह्याद्रीत ओक नाही, त्यामुळे आपल्या डोळ्याला ती सवयच नाही हेही खरं, मला पहिल्या सीझनला रोबर-पेट्रेआ ओळखता येत नव्हते, एकॉर्नला लांब देठ असेल तर रोबर एवढंच पाठ केलं होतं. त्याबद्दल तुला रागावत नाहीये. पण देठ बघायला विसरलीस तर हर्बेरियमची शीट, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेली फांदी, परत बघता येते. जागा विसरलीस तर काय बघणार?

कंटॅमिनेशन नाही हे गाइडना दाखवायचंय ना, मग ब्लँक, म्हणजे डीएनए न घातलेली ट्यूब, परत चालव, थोडे सॅम्पल नव्याने काढ, त्यात वाद नको. पण जुनं काही फेकू नकोस, एकही ट्यूब नाही. फोनमधले फोटो उघड, त्यात लोकेशन सेव्ह झालेलं असेल. सगळ्या झाडांचे जीपीएस पॉइंट रविवारपर्यंत मला पाठव. आणि पुढे नुसतं "रस्त्याकडेला" लिहिलेलं दिसलं तर मी फोन उचलणार नाही.

तुझी,
ताई